इंजिनीअरिंग कॅपचा पर्याय अर्ज : जागावाटप चोख, वाट दाखवणं शून्य

बारावी सायन्सच्या मुलाचं करिअर दहावीच्या निकालाला ठरतं असं काहीजण म्हणतात, काहीजण सीईटीच्या निकालाचं नाव घेतात. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगला जाणाऱ्या बहुतेकांचं ते ठरतं पावसाळ्यातल्या तीन-चार दिवसांत, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर, पर्याय अर्ज भरताना. त्यालाच सगळे ऑप्शन फॉर्म म्हणतात. कॉलेज आणि शाखा मिळून एक चॉइस कोड, असे जास्तीत जास्त ३०० कोड पसंतीच्या क्रमाने लावायचे. मुलगी सिव्हिलला जाणार की कॉम्प्युटरला, सांगलीत राहणार की पुण्यात, हे त्या यादीने ठरतं. म्हणून केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेकडे, म्हणजे कॅपकडे, एक सेवा म्हणून बघू. खाली दिलेले फेऱ्यांचे नियम २०२५-२६ च्या प्रवेशाचे आहेत. ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचायची, कारण फेऱ्यांचे नियम बदलतात.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. जागावाटपाचं यंत्र सरळ आणि प्रामाणिक आहे. गुणवत्ता यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून ते सुरू होतं. प्रत्येकाची यादी वरून खाली वाचतं आणि जिथे त्याच्या हक्काची पहिली जागा शिल्लक दिसेल तिथे त्याला बसवतं. पुढचा नंबर, पुन्हा तेच. तुमच्या क्रमांकाचा आणि तुमच्या पसंतिक्रमाचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एखादं कॉलेज तुम्ही ४० व्या क्रमांकावर लिहिलं आणि तुमच्या मागच्या मुलाने पहिल्यावर लिहिलं, तरी जागा तुमच्या वाट्याला आली तर ती तुमचीच. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने काहीही जात नाही. यंत्र ते ओलांडून खाली येतं. ‘पहिले पाच नंबर वाया घालवू नका’ हा सायबर कॅफेवर सर्रास मिळणारा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. मागासवर्गीय उमेदवाराचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो, मग त्याच्या प्रवर्गासाठी. ओळख, वशिला, फोन यांना इथे वाव नाही, आणि गावाकडच्या मुलांसाठी ही लहान गोष्ट नाही.

कस लागतो तो ऑटो फ्रीजच्या नियमात. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठली. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं तरी तेच. गोठलेली जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. चौथ्या फेरीत जे मिळालं ते शेवटचं. याखेरीज मिळालेली जागा १००० रुपये भरून स्वीकारायची आणि ‘बेटरमेंट’ निवडून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघायची, ही सोय आहे. वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते, मग ‘जुनीच बरी होती’ म्हणून परत येता येत नाही. वरची मिळाली नाही तर आधीची हातात राहते.

या नियमाने घोळ होतो तो भीतीपोटी. ९१ पर्सेंटाईलचा, म्हणजे सीईटीत शंभरातल्या ९१ मुलांच्या पुढे असलेला मुलगा गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे जागा कितीला बंद झाली तो आकडा बघून ‘हे तर नक्की मिळतं’ असं घराजवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतो. पहिल्याच फेरीत ते मिळतं, गोठतं, आणि दुसऱ्या फेरीत मिळू शकलं असतं ते चांगलं कॉलेज त्याच्या यादीत सातव्या क्रमांकावर तसंच राहतं. उपाय एकच. पहिले सहा पर्याय असे लिहा की त्यातलं कुठलंही मिळालं तर घरात आनंद होईल. सातव्यापासून पुढे ‘चालेल’ वाले, आणि तळाला ‘काहीच नाही त्यापेक्षा हे’ असे किमान दहा. ३०० ची मुभा असताना वीस पर्याय भरून थांबलेली मुलं दरवर्षी पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने बसतात. तीनशे भरायची गरज नाही, पण साठ-सत्तरच्या खाली जाऊ नये. आणि जिथे काही झालं तरी जायचं नाही तो कोड यादीत नकोच. तो मिळतो.

अर्ज भरण्याआधीची पायरी कागदपत्रांची, आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत. घरात जपून ठेवलेलं जुनं प्रमाणपत्र चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात, त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायचा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून ते वेळेत हाती येईल याची खात्री नसते, आणि ते नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं लागतं, केंद्राच्या नोकरीसाठी काढलेलं नाही. ई-छाननीत कागद अस्पष्ट असेल तर अर्ज शेरा मारून परत पाठवतात. तो परत आल्याचं कळायला रोज लॉगिन करून बघावं लागतं. इथेच सायबर कॅफेचा प्रश्न येतो. घाईत कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकला जातो, मग ओटीपी त्याच्याकडे, शेरा त्याच्याकडे, आणि त्याच्या दुकानात दीडशे मुलं. स्वतःच्या घरातला, वर्षभर चालू राहणारा नंबरच द्या. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, गृह विद्यापीठ आणि गुण पुन्हा तपासा. हरकत घ्यायची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. अंतिम यादीनंतर प्रवर्गाची चूक दुरुस्त करणं जवळपास अशक्य.

आता कटऑफची पीडीएफ. प्रवेश परीक्षा कक्षाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय मिळते, फुकट, पूर्ण, विश्वासार्ह. तिचं एक पान समोर धरा. वर कॉलेजचा कोड आणि नाव. कोडच्या सुरुवातीचा शून्य सोडला तर पहिला अंक विभागाचा: १ अमरावती, २ छत्रपती संभाजीनगर, ३ मुंबई, ४ नागपूर, ५ नाशिक, ६ पुणे. उदाहरणार्थ, मुंबईच्या व्हीजेटीआयचा ३०१२. एकाच संस्थेची सारख्या नावाची दोन-तीन कॉलेजं असतात, म्हणून पर्याय नेहमी कोड बघून भरायचा, नाव बघून नाही. खाली शाखेचं नाव, मग आडवे रकाने. रकान्यावर इंग्रजी अक्षरांची एक माळ असते, तीत तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, व्हीजे, एनटी, एसईबीसी. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. रकान्यात दोन आकडे एकाखाली एक. वरचा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाईल, दशांशानंतर सात घरांपर्यंत. मुलीने जी आणि एल दोन्ही रकाने बघायचे, कारण ती दोन्हीकडे पात्र असते. नुसता जी-ओपन-एच बघून ‘आपल्याला लागत नाही’ म्हणणाऱ्या मुली आपल्या हक्काच्या ३० टक्के जागा न बघताच पीडीएफ बंद करतात.

शेवटच्या अक्षराकडे पालकांचं लक्ष सर्वांत कमी जातं, आणि सर्वांत मोठा फटका तिथेच बसतो. ज्या जागांना गृह विद्यापीठाचा नियम लागतो त्यांतल्या ७० टक्के गृह विद्यापीठाच्या उमेदवारांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. महाराष्ट्रातून दहावी-बारावी केलेल्या अधिवासी मुलाचं गृह विद्यापीठ त्याच्या पत्त्यावरून ठरत नाही. बारावी ज्या कॉलेजातून दिली ते कुठे आहे, यावरून ठरतं. पुण्यातला मुलगा अकरावी-बारावीसाठी लातूरला ठेवला, तर इंजिनीअरिंगच्या प्रवेशात तो स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा. आईवडील कोथरूडमध्ये राहत असले तरी पुण्याच्या खासगी कॉलेजांत तो ओ च्या रकान्यात उभा. लातूरला पाठवू नये असं म्हणणं नाही. पण हा परिणाम अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच माहीत हवा, आणि अकरावीच्या प्रवेशाची कुठलीही खिडकी तो सांगत नाही.

कटऑफ वाचताना आणखी एक धरून चाला. सीईटीच्या पीसीएम, म्हणजे भौतिक, रसायन, गणित या गटाला चार लाखांच्या आसपास मुलं बसतात. म्हणजे एक पर्सेंटाईल म्हणजे साधारण चार हजार मुलं, आणि दशांशातला एक म्हणजे चारशे. ‘गेल्या वर्षी ९२.३ ला बंद झालं, मला ९२.१ आहेत, मग नाहीच’ हा हिशोब कच्चा आहे. तीन वर्षांचे, आणि सगळ्या फेऱ्यांचे कटऑफ बघा. ज्या शाखेच्या जागा यंदा वाढल्या तिचा कटऑफ खाली येतो. समान पर्सेंटाईल असेल तर आधी गणिताचा, मग भौतिकशास्त्राचा, मग रसायनशास्त्राचा पर्सेंटाईल बघतात. २०० गुणांच्या सीईटीत गणिताचे १०० असतात, प्रश्न ५० आणि प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायन ५०-५०. शिवाय चुकीला गुण कापत नाहीत. म्हणजे यादीतली जागा मुळात गणिताचा वेग ठरवतो. त्याचा मुलाच्या आवडीशी संबंध असेलच असं नाही.

इथून मोठं दुखणं सुरू होतं. अर्ज तुम्हाला तीनशे चौकटी देतो, पण एकाही चौकटीशेजारी ती शाखा म्हणजे काय, हे नाही. चार वर्षांत काय शिकायचं, फी किती, शाखेला एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं मानांकन आहे का, मंजूर जागा किती, यातलं काही त्या पडद्यावर नसतं. फी बघायला शुल्क नियामक प्राधिकरणाचं संकेतस्थळ, मानांकनाला एनबीएचं, मंजूर जागांना एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, अभ्यासक्रमाला विद्यापीठाचं किंवा स्वायत्त कॉलेजचं. चार दिवसांची मुदत, चार ठिकाणं, आणि हातात मोबाईल. अशा वेळी एकच माहिती सगळ्यांकडे तयार असते, कटऑफची. मग कटऑफ हाच सल्लागार होतो. यादी आवडीने लागत नाही, उतरत्या कटऑफने लागते.

‘मार्क वाया जातील’ हे वाक्य प्रत्येक सुविधा केंद्रावर ऐकू येतं. ९५ पर्सेंटाईल आहेत तर सिव्हिल घेऊन मार्क वाया कशाला घालवायचे? जणू पर्सेंटाईल म्हणजे मुदत संपायला आलेली नोट, आज मोडली नाही तर कागद. ज्या मुलीला नकाशे, बांधकाम, पाण्याची कामं यांची ओढ आहे तिने ९५ ला सिव्हिल घेतलं तर तिने काहीही घालवलेलं नसतं. चांगल्या सरकारी कॉलेजातली सिव्हिलची जागा तिला त्याच गुणांत मिळते, जिथे कॉम्प्युटरसाठी तिला दोन पायऱ्या खालचं कॉलेज घ्यावं लागलं असतं. पण कटऑफच्या यादीत सिव्हिल खाली दिसतं, आणि खाली दिसतं म्हणून कमी वाटतं. गेल्या वर्षीच्या मुलांनी कशाला गर्दी केली, याचाच तो आकडा आहे. शाखेचा दर्जा मोजायचं ते माप नव्हे.

गर्दी कुठे आहे हे सांगायला नको. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांवरची शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढली, आणि नव्या जागा मुख्यतः कॉम्प्युटर आणि तिच्या भावकीत निघाल्या. आता एकाच कॉलेजात कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी, इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर असे पाच-सहा चॉइस कोड दिसतात. नावं वेगळी म्हणून शिक्षणही तितकंच वेगळं असेल असं नाही. फरक बघायचा असेल तर त्या कॉलेजच्या तिसऱ्या आणि चौथ्या सत्राचा अभ्यासक्रम उघडून विषयांची नावं शेजारी-शेजारी ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क्स दोन्हीकडे सापडले, तर पायाभरणी एकच आहे, आणि नावापायी कॉलेज बदलायची गरज नाही. नवीन शाखा असेल तर पहिली तुकडी बाहेर पडली का, पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे कॉलेजला फोन करून विचारा. एनबीए मानांकन शाखेला मिळतं, नॅक संपूर्ण संस्थेला. जाहिरातीत दोन्ही एकत्र छापतात, वाचताना वेगळं करा.

फीचा धागाही निवडीत गुंतलेला आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. हे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच लागू आहे, व्यवस्थापन कोट्याला नाही. वसतिगृह, खानावळ, प्रवास यात धरलेले नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा करा. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजना, ही दुसरी वाट: प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा, उत्पन्न मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्क माफ. तिचा पर्याय वेगळा भरावा लागतो, आणि तिथे प्रवेश घेतला की पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. ‘आधी टीएफडब्ल्यूएसमधून काहीही घेऊ, दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटरला सरकू’ हा बेत तिथे चालत नाही.

या सगळ्याच्या आधी एक दार बंद झालेलं असतं. अकरावीत गणित सोडलं की इंजिनीअरिंगच्या या रस्त्यावर येता येत नाही, कारण बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ‘मेडिकलच करायचं’ म्हणून गणिताऐवजी दुसरा विषय घेतला आणि नीटमध्ये जमलं नाही, तर तो इथे येऊ शकत नाही. पीसीएम आणि जीवशास्त्र असे चारही विषय, म्हणजे पीसीएमबी, ठेवणं जड जातं. तरी ज्याचं मन पक्कं नाही त्याने निदान अकरावीभर गणित सोडू नये. दुसऱ्या बाजूला, बारावीचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. पात्रतेसाठी पीसीएमला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, एवढंच. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग ओस आणि क्लास भरलेला, ही आजची स्थिती. प्रयोगशाळेत हात घातल्याशिवाय मुलगा इन्स्ट्रुमेंटेशन की मेकॅनिकल हे ठरवणार कशावरून? ती दोन वर्षं शाखा ओळखण्याची होती, ती सराव परीक्षांत जातात.

दहावीनंतर पॉलिटेक्निकची वाट या अर्जाच्या आसपास कुठेही दिसत नाही, आणि ती दिसायला हवी. तीन वर्षांचा डिप्लोमा, नंतर थेट दुसऱ्या वर्षाला पदवी. त्या प्रवेशाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते, आणि मंजूर जागांच्या १० टक्के जागा त्यासाठी वेगळ्या, शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या. दहावीनंतर वर्षं तितकीच, सहा. आणि यंत्राला हात लावून शिकणाऱ्या मुलाला शाखा कळलेली असते, आणि सीईटीच्या वेगात मागे पडणाऱ्यांना ही वाट खरोखर मानवते.

अर्ज भरायची कृती. पहिल्या दिवशी संगणक उघडायचाच नाही. वहीत मुलाने एकट्याने शाखांचा क्रम लिहायचा, पालकांनी वेगळ्या कागदावर कॉलेजांचा आणि गावांचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही समोर ठेवून एकच प्रश्न मिटवायचा: आपल्याला शाखा आधी की कॉलेज आधी? शाखा आधी असेल तर एका शाखेखाली दहा कॉलेजं, मग दुसरी शाखा. कॉलेज आधी असेल तर एका कॉलेजखाली चालतील तेवढ्याच शाखा. हे न ठरवता भरलेल्या यादीत सहाव्या ओळीला पुण्याच्या सीओईपीचं मेटलर्जी आणि सातव्या ओळीला दुसऱ्या टोकाचं कॉम्प्युटर असं दिसतं, आणि मिळालं की रडारड होते. मग कोड, फी, गृह विद्यापीठाचा रकाना, बस किंवा वसतिगृहाचा खर्च ओळीने लिहा. तिसऱ्या दिवशी वहीवरून संगणकावर उतरवा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं. भरून ठेवणं आणि निश्चित करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. निश्चित न केलेला अर्ज फेरीत धरत नाहीत. निश्चित झाल्याची छापील प्रत काढून पहिल्या सहा ओळी पुन्हा वाचा. शेवटच्या दिवसाच्या संध्याकाळवर ठेवू नका, तेव्हा संकेतस्थळ संथ चालतं.

जागावाटपाला पाचपैकी साडेचार. कागदपत्रांच्या छाननीला तीन, आणि परत आलेल्या अर्जाचा ठळक निरोप पालकांच्या मोबाईलवर गेला तर चार. निवडीला मदत म्हणून बघितलं तर एक, तोही कटऑफ उघड केल्याबद्दल. प्रत्येक चॉइस कोडवर टिचकी मारली की एक पान उघडावं: मंजूर जागा, प्राधिकरणाने ठरवलेली फी, एनबीएची स्थिती, चारही वर्षांच्या विषयांची यादी, गेल्या तीन वर्षांत शेवटपर्यंत रिकाम्या राहिलेल्या जागा. हे सारं सरकारी यंत्रणांकडे आजही आहे, फक्त एकत्र नाही. तोवर दहावीच्या वर्गशिक्षकांनी कटऑफच्या पीडीएफचं एक पान फळ्याशेजारी लावावं आणि एच, ओ, एस ही तीन अक्षरं मुलांना वाचायला शिकवावीत.